लंडनमधली उत्तम हॉटेलं आणि माझी आमटी

आमच्या ह्यांना दोन गोष्टी मनापासून आवडायच्या. माणसांना भूल देणं आणि लंडनमधल्या उत्तम हॉटेलांत जाऊन जेवणं. पहिल्या कामाचा त्यांना हॉस्पिटल पगार द्यायचं आणि दुसऱ्यासाठी मला रेशमी साडी नेसून हाउन्सलोच्या प्लॅटफॉर्मवर कुडकुडत उभं राहावं लागायचं.

रविवारी सकाळी दारात जाडजूड पेपर पडला की शेजारचे लोक आधी फुटबॉलचं पान उघडत. हे मात्र आतली रंगीत पुरवणी ओढून काढत आणि हॉटेलांवर लिहिणाऱ्या बाईंचा लेख मोठ्याने वाचायला बसत. इकडे मी पोह्यांसाठी कांदा चिरतेय आणि तिकडे बदकाच्या मांडीवर कुठला रस कसा ओतला होता त्याचं वर्णन चाललंय. "अहो, सकाळी सकाळी कुणाची मांडी ती!" असं मी म्हटलं की मुलगी खिदळायची आणि हे मान वर न करता पुढचा परिच्छेद सुरू करायचे. लेख फारच आवडला तर तो कापून फ्रिजवर लागायचा. लोकांच्या फ्रिजवर मुलांची चित्रं असतात, आमच्या फ्रिजवर हॉटेलं असायची.

तीन-चार महिन्यांतून एकदा, ह्यांची ड्यूटी नसलेल्या शनिवारी, आम्ही तिघं पिकॅडिली लाइन पकडून जेवायला निघायचो. नकाशात हाउन्सलो लंडनमध्येच आहे, पण आम्ही म्हणताना "लंडनला चाललो" असंच म्हणायचो. मुलगी तेव्हा प्रायमरी शाळेत होती. जन्म मँचेस्टरचा, शाळा हाउन्सलोची, आणि खाण्यापिण्यात थेट बापावर गेलेली. ह्यांनी मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवरच सगळ्याला सुरुवात केली होती. मी मात्र पुण्याहून आले तशीच राहिले, अंडंसुद्धा न खाणारी. लंडनच्या उत्तम हॉटेलांना ऐंशी सालाच्या सुमारास माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचं काय करावं ते खरंच कळत नसे.

सोहोमधल्या एका फ्रेंच हॉटेलात मी शाकाहारी असल्याचं ह्यांनी सांगितलं, तर वेटरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या घरात नुकतंच काहीतरी वाईट घडलंय. तो हळू आवाजात म्हणाला, "आय सी, मॅडम." बऱ्याच वेळाने माझ्यासमोर चांदीच्या घुमटाखाली झाकलेली प्लेट आली. तिघांच्या प्लेटांवरचे घुमट एकाच वेळी उचलायची तिथे पद्धत होती. तीन वेटर मागे उभे राहिले, एकमेकांकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि घुमट उचलले. ह्यांच्या प्लेटमध्ये काहीतरी तपकिरी, चकचकीत. मुलीच्या प्लेटमध्ये मासा. माझ्या प्लेटमध्ये उकडलेली गाजरं, उकडलेल्या शेंगा आणि मधोमध उकडलेला बटाटा, त्यावर कोथिंबिरीसारखं काहीतरी. मला इतकं हसू फुटलं की पदर तोंडाला लावून बसावं लागलं. हे कानापर्यंत लाल झाले.

मग ते स्ट्रँडवरचं जुनं इंग्रजी हॉटेल. तिथे भला मोठा भाजलेला मांसाचा तुकडा गाड्यावर घालून टेबलाटेबलाशी फिरवत. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन फिरतो आणि तुमच्याशी थांबून एक जास्तीची वाढतो, अगदी तसाच तो पांढऱ्या टोपीतला माणूस फिरायचा. मला त्याने आपणहून भाजलेले बटाटे वाढले आणि वर डोळा मिचकावला. बटाटे फार छान होते. ते कशात भाजले होते हे मी विचारलं नाही, आणि ह्यांनी जन्मभर मला सांगितलं नाही.

पुढे मश्रूमचं युग आलं. कुठेही जा, शाकाहारी म्हटलं की मश्रूम. मग बकरीच्या चिजाचं युग आलं. नव्वदनंतर वेटर लोकांच्या चेहऱ्यावरचं दुःख कमी झालं आणि त्यांनी मला रिसोत्तो द्यायला सुरुवात केली. पहिला घास घेतला आणि मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर आसट भात. आजारी माणसाचा. तूप घालायचं विसरलेत म्हणून चीज घातलंय." हे म्हणाले, "हळू बोल." मी म्हटलं, "इथे मराठी कुणाला कळतंय?" तर पलीकडच्या टेबलावरची एक बाई हसली. लंडनमध्ये बोलायला जागा नाही ती नाहीच.

तर सांगायचं म्हणजे, ह्या उत्तम हॉटेलांत मला पोटभर असं क्वचितच मिळालं. तरीही "येत्या शनिवारी जाऊ या का?" असं हे म्हणाले की मी सकाळपासून खुशीत असायची. मैत्रिणी विचारायच्या, अगं, तू तिथे खातेस तरी काय? मी सांगायची, ब्रेड खाते. ते खोटं नव्हतं. पण खुशीचं कारण वेगळंच होतं आणि ते सांगायला जरा लाज वाटायची.

हॉटेलात मला सगळ्यांबरोबर बसायला मिळायचं.

घरी मी पोळ्या करायची त्या ताटात गरम पडाव्यात म्हणून. ह्यांचं आणि मुलीचं होईपर्यंत मी तव्यापाशी. पाहुणे असले तर त्यांचं, मग ह्यांचं, मग मुलीचं, मग माझं. कुणी जबरदस्ती केली म्हणाल तर अजिबात नाही. "अगं, बस की तूही," असं हे रोज म्हणायचे आणि मीही रोज म्हणायची, "तुम्ही सुरू करा, मी आलेच." माझी आई तशीच, तिची आई तशीच. मी बसायची तेव्हा बाकीची दोघं हात धुऊन टीव्हीसमोर गेलेली असायची, पोळी गार आणि आमटी पातेल्याच्या तळाशी. त्यात मला काही मोठं दुःख होतं असं नाही. पण सोहोमध्ये त्या तीन वेटरांनी तीन घुमट एकदम उचलले तेव्हा माझ्या ताटातूनही ह्यांच्या ताटाइतकीच वाफ येत होती. मला हसू आलं ते त्या बटाट्याचं, आणि त्याच्या आत थोडं ह्याचंही.

आता माझ्या स्वयंपाकाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे देव स्वयंपाकघरातच होते. हाउन्सलोच्या त्या घरात देव्हाऱ्याला दुसरी जागाच नव्हती. गॅसच्या उजव्या अंगाला, टोस्टरच्या वरच्या फळीवर, माहेराहून आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आणि बाकीची मंडळी. रोजचा स्वयंपाक झाला की आधी त्यांना नैवेद्य आणि मग आपली ताटं. आणि नैवेद्याच्या आधी अन्नाची चव घ्यायची नाही. चव घेतली की ते उष्टं झालं. मीठ, तिखट, चिंच, गूळ, सगळं अंदाजाने. मीठ पडलं की आमटीचा वास जरासा बदलतो, गूळ विरघळला की बुडबुडे जड होतात. हे मला आईने शिकवलं, तेही तोंडाने नव्हे, शेजारी उभं करून.

मुलीलाही मी असंच उभं केलं. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती स्टुलावर चढून माझ्या शेजारी. मुद्दाम शिकवायचं असं माझ्या मनात नव्हतं, पण पोरीचा हात विलक्षण होता. दहाव्या-अकराव्या वर्षी तिने केलेली फोडणी वासावरून माझी की तिची ते ओळखू येत नसे. सुट्टीत ती अख्खा स्वयंपाक करायची, थेंबाची चव न घेता, आणि फळीकडे बघून हात जोडायची. मला भारी अभिमान. भगिनी मंडळात मी सांगत सुटायची, जन्म इथला, मराठी बोलताना लिंगांची वाट लावते, पण स्वयंपाक अगदी सोवळ्यातला!

मग ती केंब्रिजला गेली. सायन्सला. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. ह्यांनी हॉस्पिटलभर पेढे वाटले, भूल दिलेले पेशंट तेवढे सुटले.

तिसऱ्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, "आई, बाबा, आय हॅव टु टेल यू समथिंग. डिग्री मी पूर्ण करणार, प्रॉमिस. बट आफ्टर दॅट मला शेफ व्हायचंय."

केंब्रिजमध्ये वीकएंडला ती कुठल्यातरी हॉटेलात काम करायची हे आम्हाला ठाऊक होतं. मुलं करतात. ताटं पुसत असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती तिथे भाज्या चिरण्यापासून सॉस ढवळण्यापर्यंत पोचली होती.

ह्यांनी चमचा खाली ठेवला. चेहरा गंभीर केला. बाप म्हणून जे बोलायचं असतं ते बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "कुठल्या हॉटेलात?"

मुलीने नाव सांगितलं. नदीपलीकडचं, लंडनमधलं. ते नाव सहा महिने आमच्या फ्रिजवर होतं. ह्यांचे डोळे असे चमकले की मला तिथल्या तिथे कळलं, हा माणूस फितूर झाला.

मग मी एकटीच उरले आणि मी काही कमी बोलले नाही. "सायन्स शिकवलं ते कशाला? चुलीपाशी उभं राहायला केंब्रिज लागतं का? ते तर तू स्टुलावर चढून शिकली होतीस!" मुलगी म्हणाली, "आई, इट्स नॉट द सेम थिंग." मी म्हटलं, "सगळं सेमच असतं. लोक बसून जेवतात आणि एक बाई उभी असते. तुझ्या हॉटेलात फक्त टोपी पांढरी असते. अगं, जन्मभर शेवटची जेवशील, आणि तेही गार!"

हे बोलले आणि मीच चपापले. इतकी वर्षं आत ठेवलेलं असं भसकन बाहेर आलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मुलगीसुद्धा. मी उठून भांडी आवरायला लागले. मला माझी मुलगी जेवणाऱ्यांत हवी होती, वाढणाऱ्यांत नको होती. माझं म्हणणं एवढंच होतं आणि त्यावरून मी तसूभर हलणार नव्हते.

परीक्षा झाल्यावर त्या हॉटेलात तिची ट्रायल झाली. म्हणजे दिवसभर त्यांच्या किचनमध्ये फुकट राबायचं आणि पसंत पडलात तर नोकरी. त्याच वेळी केंब्रिजच्या एका लॅबनेही तिला बोलावलं होतं. दोन्हींचं उत्तर त्याच महिन्यात द्यायचं होतं. मी फळीवरच्या देवांना मनातल्या मनात सांगून ठेवलं की लॅबकडे जरा लक्ष असू द्या.

ट्रायलहून ती घरी आली ती तोंड पाडून. तिथली मुख्य शेफ एक इंग्रज बाई होती. दिवसभर काही बोलली नाही, आणि संध्याकाळी तिला बाजूला घेऊन म्हणाली, तुझा हात चांगला आहे, चांगल्यापेक्षाही चांगला आहे, पण तू दिवसभरात एकाही पदार्थाची चव घेतली नाहीस. माझ्या किचनमधून न चाखलेलं काही बाहेर जात नाही. पुढच्या शुक्रवारी परत ये. त्या दिवशीही तू चाखलं नाहीस तर आपला मार्ग वेगळा.

"मग चाखायचं," हे म्हणाले. "त्यात काय?"

"बाबा, माझा हात जात नाही. आय नो इट्स सिली. ॲट युनि मी काहीही खाते. पण गॅसवरचा काहीतरी चमच्यात घेतला ना, की तो तोंडापर्यंत येत नाही. इट स्टॉप्स हिअर." तिने हनुवटीखाली बोट ठेवून दाखवलं. "केंब्रिजमध्ये सॉस दुसरा कोणीतरी टेस्ट करायचा, सो नोबडी नोटिस्ड."

मी पोळ्या लाटत होते. वळून पाहिलं नाही. खरं सांगते, मला मनातून बरं वाटलं. माझ्या देवांनी ऐकलं होतं. मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. शुक्रवारी पोरगी जाईल, चमचा हनुवटीखाली अडेल, ती शेफबाई मान हलवेल आणि सोमवारी लॅबला फोन जाईल.

दोन दिवस मी ह्याच आनंदात होते. मग बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात आले तर मुलगी गॅसपाशी उभी. शेजारी नव्याकोऱ्या चमच्यांची जुडी. तिने टोमॅटोचं सार केलं होतं. चमच्यात घेतलं, फुंकर घातली, वर आणलं, आणि तिचे डोळे टोस्टरच्या वर फळीकडे गेले. चमचा खाली. परत घेतला, परत डोळे वर, परत खाली. मी दारात आहे हे तिला माहीत नव्हतं. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती स्वतःवरच चिडून नाक पुसत होती.

ती माझी मुलगी आहे आणि तिला अडवून धरणारा तो हात माझाच आहे, हे मला सहन होईना. लॅबमध्ये जायचं तर तिने स्वतःच्या पायाने जावं, माझ्या चमच्याला अडखळून नव्हे. आणि राग तर इतका आला! तिचा नाही, त्या शेफबाईचा नाही. कुणाचा ते आजही नीट सांगता येणार नाही.

मी पुढे झाले, अन्नपूर्णेला आणि बाळकृष्णाला ताम्हनात बसवलं, बाकीच्यांना गोळा केलं आणि ताम्हन उचलून बाहेरच्या खोलीत टीव्हीवर नेऊन ठेवलं. हे तिथे चहा पीत बसले होते. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "देव बातम्या बघणार आहेत. तुम्ही चॅनल बदलू नका."

परत येताना मनात आलं, ही अन्नपूर्णा माहेराहून निघाली तेव्हापासून मांडीवर पळी घेऊन बसलीये. इतक्या वर्षांत एकदाही तिने त्या पळीतलं चाखलं नसेल? बाईमाणूस आहे. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तिने काही आक्षेप घेतला नाही.

"हं," मी मुलीला म्हटलं. "आता फळी रिकामी आहे. सार ठेव बाजूला. आपली रोजची आमटी करू आणि मी शेजारी उभी राहते. तू चाखायचंस."

"आई, तू शुअर आहेस?"

"मला विचारू नकोस, नाहीतर माझं मन बदलेल."

आम्ही आमटी केली. डाळ घोटली, फोडणी केली, चिंच, गूळ, गोडा मसाला, मीठ. उकळी आली. तिने चमचा बुडवला, फुंकर घातली आणि वर आणला. डोळे फळीकडे गेले. तिथे नुसता कोरा कागद अंथरलेला. मी तिच्या कोपराला हात लावला आणि चमचा तोंडात गेला.

तिने आमटी जिभेवर घोळवली. मग म्हणाली, "आई, मीठ कमी आहे."

"काय?"

"सॉल्ट. कमी आहे. थोडासा."

मी म्हटलं, "शक्य नाही! ह्याच हाताने इतकी वर्षं—" आणि तिच्या हातातून चमचा घेतला. मग दुसरा नवा घेतला, कारण सवय. आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. उभ्याने, गॅसवरून काढलेली, भाजेल इतकी गरम. मी माझी आमटी अशी कधी खाल्लीच नव्हती. चिंच आधी लागली, मग गूळ, मग मसाल्याचा वास नाकात चढला. इतकी सुरेख होती की मला क्षणभर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटलं. आणि हो, मीठ कमी होतं.

मी तशीच बाहेर गेले. "अहो, माझ्या आमटीत मीठ कमी असतं?"

हे पेपरच्या आडून म्हणाले, "थोडंसं."

"कधीपासून?"

"मँचेस्टरपासून."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

त्यांनी पेपर खाली घेतला. "मी एकदा म्हटलं होतं. तू म्हणालीस, मला तर बरोबर लागतं. मग मी विचार केला, जी शेवटी जेवते तिला तरी बरोबर लागू दे."

मी परत स्वयंपाकघरात आले तेव्हा मुलगी पातेल्यात बघत होती. सायन्सवाली शेवटी. म्हणाली, "आई, तू जेवतेस तेव्हा आमटी लो गॅसवर किती वेळ असतो? तो आटतो ना. सो सॉल्ट वाढतो. बाय द टाइम इट गेट्स टु यू, इट्स परफेक्ट." मग तिनेच वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईची आमटीही अशीच असणार, आणि तिच्या आईचीही. मिठाचा अंदाज आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पातेल्याच्या तळाशी बसून शिकलो होतो. मला आधी रडू आलं आणि मग हसू, आणि मुलगीही दोन्ही करायला लागली. हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "देव विचारतायत, आत यायचं का?"

शुक्रवारी ती परत गेली. दिवसभर चाखत होती म्हणे, चमच्यांचा खच पडला. नोकरी लागली. ह्यांनी ताबडतोब त्या हॉटेलात टेबलासाठी फोन केला तर दोन महिने जागा नाही असं कळलं. आपल्या मुलीच्या हॉटेलात आपल्यालाच जागा मिळत नाही ह्याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी ते हॉस्पिटलभर सांगितलं.

मी गप्प होते. तिला चाखायला शिकवलं म्हणजे माझं मत बदललं असं नव्हतं. ती आठवड्यातून एकदा फोन करायची. मी विचारायची, "काय जेवलीस?" ती काहीतरी सांगायची, पण कधी जेवलीस, कशी जेवलीस, बसून की उभ्याने, हे मी विचारत नसे. उत्तर मला माहीत होतं असं मला वाटायचं. सुट्टीत घरी आली की तिच्या हातांवर भाजल्याचे डाग दिसायचे. मी त्यांना तूप लावायची आणि तोंड मिटून ठेवायची. ह्यांना वाटायचं, ही निवळली. मी निवळले नव्हते. मला भीती वाटत होती.

त्या शरदात एका शनिवारी तिचा फोन आला. "आई, आज तुम्ही दोघं या. पण फोर थर्टीला या. उघडायच्या आधी. आणि मागच्या दाराने."

मागच्या दाराने म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. आम्हाला किचन दाखवणार, एखाद्या कोपऱ्यात दोन घास देणार. तरी चांगली साडी नेसले. नदी ओलांडून, एका गल्लीत शिरून, भाज्यांचे खोके चुकवत आम्ही त्या दाराशी पोचलो. मुलगी पांढऱ्या कोटात, केसांना फडकं बांधून, लालबुंद चेहऱ्याने उभी. हे लगेच किचनमध्ये डोकवायला लागले. तिने त्यांना दंडाला धरून थेट आत जेवायच्या दालनात नेलं.

तिथे चार-पाच टेबलं जोडून एक लांबलचक टेबल केलं होतं. त्यावर पांढरी कापडं अजून अंथरली नव्हती. मधोमध आमटीचं मोठं पातेलं, शेजारी भात, बटाट्याची भाजी, कोबीची पचडी. खुर्च्यांवर माणसं येऊन बसत होती, वेटर, शेफ, भांडी घासणारे दोघे, हिशेब बघणारी मुलगी, सगळी सरमिसळ. मुलगी मला कानात म्हणाली, "हे स्टाफचं जेवण. रोज असतं, गिऱ्हाइकं यायच्या आधी. आज करायची माझी टर्न होती. शेफ म्हणाली, आईवडलांना बोलव."

पातेलं दिसलं आणि माझा हात आपोआप पुढे गेला. मी डाव उचलला, पदर खोचला आणि टोकाच्या माणसाला भात वाढायला निघाले. एवढी माणसं बसली होती आणि कुणीतरी वाढायला हवं होतंच ना.

तेवढ्यात ती शेफबाई आली. उंच, करड्या केसांची, माझ्याच वयाची असेल. तिने हसून माझ्या हातातून डाव काढून घेतला आणि एक खुर्ची मागे ओढली. म्हणाली, ह्या जेवणाला इथे कुणी उभं राहत नाही. भांडी हातोहात फिरतात, ज्याचं त्याने घ्यायचं.

मी बसले. शेजारच्या खुर्चीवर मुलगी बसली. पातेलं फिरत फिरत आलं, तिने आधी माझ्या ताटात वाढलं आणि मग स्वतःच्या. दोन्ही ताटांतून वाफ येत होती. पलीकडे ह्यांच्या ताटात भाताचा डोंगर. मी सवयीने सगळ्यांकडे नजर फिरवली, कुणाचं काय राहिलंय का बघायला. प्रत्येकाचं ताट भरलेलं होतं, पण कुणीच जेवायला लागलं नव्हतं. सगळे हात मांडीवर ठेवून आमच्या दिशेने बघत होते. मला वाटलं, पाहुणी म्हणून माझ्यासाठी थांबलेत. मी मुलीला मराठीत विचारलं, "मी सुरू करू का?"

"नाही, आई," ती म्हणाली. "इथे एक रूल आहे. ज्याने शिजवला, तो पहिला जेवतो."

आणि तिने भात कालवला, हाताने, आमच्या घरी कालवते तसा, आणि माझ्या मुलीचा पहिला घास होईपर्यंत ते सगळं टेबल थांबून राहिलं.